मासा कोणता, याआधी तो धरला कसा?

मासे सोडायचे नाहीत, पण समुद्राची नासाडी करून आलेलेही नकोत, असं ठरवलं असेल तर आधी जाळं विचारा. तीच कोळंबी ट्रॉलने, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याने येते आणि सापळ्यानेही. मागे राहणाऱ्या नुकसानीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

माझ्या लेखी सगळ्यात वाईट म्हणजे तळाशी ओढायचं ट्रॉल. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या, खालच्या कडेला साखळ्या नाहीतर रबरी चाकं, आणि हे सगळं तळ खरवडत जातं. स्पंज उखडतात, गाळ उठतो. हवाईजवळच्या खोल पाण्यातली काही काळी प्रवाळं ४,००० वर्षांहून जुनी निघाली. असं काही वाटेत आलं तर एका फेरीत खलास. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ८०० मीटरखाली अशा ट्रॉलिंगवर बंदी घातली, ती उगाच नाही. शिवाय नको असलेली मासळी: अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ९१ लाख टन मासळी समुद्रात परत फेकली जाते, त्यातली जवळपास निम्मी तळाच्या ट्रॉलमधली. जाळ्यात कासवांसाठी सुटकेची वाट ठेवता येते. मोडलेल्या प्रवाळाला असा उपाय नाही.

लाँगलाइनचं, म्हणजे असंख्य गळ लावलेल्या लांबलचक दोरीचं तसं नाही. वरच्या पाण्यातली दोरी तळाला लागतच नाही. आमिषावर झेपावणारा अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी मात्र गळाला अडकून दोरीबरोबर खाली ओढला जातो. पण गळ रात्री सोडले, दोरीला वजन लावलं, पक्ष्यांना हुसकवायला मागे फडफडत्या पट्ट्या बांधल्या की हे मृत्यू खूप घटतात. एवढं केलेलं असेल तर ट्रॉलऐवजी ही मासळी बिनदिक्कत घ्यावी.

पर्ससीनने, म्हणजे थव्याभोवती फिरवून खालून आवळायच्या जाळ्याने, मोकळा थवा घेरला तर ठीक. मासे जमावेत म्हणून सोडलेल्या तरंगत्या तराफ्याभोवती टाकलं की टुनाची पिल्लं आणि शार्कही येतात. डब्यावरचं ‘डॉल्फिन-सेफ’ त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही.

गिलनेट म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं लावलेलं जाळं. त्याचा प्रश्न ते कुठे लावलं याचा. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिटा, डॉल्फिनसारखा छोटा सस्तन प्राणी, त्यानेच जवळजवळ संपवला.

सुरुंग लावून किंवा सायनाइडचं विष टाकून धरलेले मासे तुलनेतच नकोत.

टुना घ्यायचा तर काठीला गळ लावून एकेक धरलेला पहिला, मग मोकळ्या थव्याचा पर्ससीन. खेकडा सापळ्यातला चालेल, पण देवमाशांच्या वाटेवर सापळ्यांचे दोर त्यांना गुरफटतात, तेवढं विचारून घ्या. पद्धत लिहिलेलीच नसेल तर कोळंबी ट्रॉलची धरून चाला.