जुनं इंग्रजी : टिपांसह मूळ वाचावं की आजच्या भाषेतलं रूपांतर?

शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलिएट म्हणते, 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?' ती रोमिओला शोधतेय, असं अनेकांना वाटतं. पण 'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नव्हे, 'का'. तू रोमिओच का, वैऱ्याच्याच घरातला का, हे तिचं दुःख आहे. आजच्या इंग्रजीतलं रूपांतर हा घोटाळा एका ओळीत मिटवतं. परीक्षा तोंडावर असेल तर ते जरूर हाताशी ठेवा.

पण त्यात 'दाऊ' (thou, म्हणजे 'तू') गळून पडतो आणि मला तेच सलतं. शेक्सपिअरच्या काळी जवळच्या किंवा खालच्या माणसाला 'दाऊ' म्हणत, मान द्यायचा तर 'यू'. मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. कोणी 'अहो'वरून एकदम 'अरे'वर आलं की आपले कान लगेच टवकारतात. नाटकातलं पात्र मध्येच 'यू' सोडून 'दाऊ'वर येतं, तेव्हाही बहुतेक वेळा राग, माया किंवा अपमान आत शिरलेला असतो. रूपांतरात सगळीकडे सपाट 'यू'.

टिपांसह वाचताना वेग मात्र मंदावतो, नजर सारखी खाली-वर होते. तरी ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त फसवतात आणि तिथे टीपच वाचवते. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये लहान मुलांना 'सफर' (suffer) करा म्हटलंय, म्हणजे सोसायला लावा नव्हे, त्यांना येऊ द्या. हॅम्लेटच्या तोंडी 'लेट' (let) येतो तो अडवण्यासाठी, आजच्या 'करू देणे' या अर्थाच्या अगदी उलट.

मी प्रवेशाचं रूपांतर एकदा वाचते, मिटते आणि मग मूळ मोठ्याने वाचते.