जेल नेलपॉलिशचं घरगुती किट : दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

नेल किटखालचे बहुतेक अभिप्राय पार्सल फोडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात. नखं चकाकतात, फोटो छान येतो, पाच स्टार देऊन लोक मोकळे होतात. पण जेल कसं आहे हे लावताना कळतच नाही. ते कळतं तीन आठवड्यांनी, काढायला बसल्यावर. म्हणून मी थांबले. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेलं किट संक्रांत, लग्नसराई आणि सोलापूरचा उन्हाळा असं सगळं पाहून झालं, मग लिहायला घेतलं.

आधी माझ्या हातांना काम काय असतं ते सांगते, म्हणजे तुलना करता येईल. आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे. तपासणी, घडी, पॅकिंग माझ्याकडे. शिवाय घरात रोज ज्वारीची भाकरी. साधी नेलपॉलिश या दोन कामांत दोन दिवस टिकली तरी नशीब. किट आलं तेव्हा सासूबाईंनी एकच विचारलं, "ही नखं घेऊन भाकरी थापणार काय गं?" थापते. नखं बोटाच्या टोकाबरोबर ठेवली की थापता येते. वाढवली की पीठ आत जाऊन बसतं, आणि ज्वारीचं पीठ वाळलं की ब्रशनेसुद्धा निघत नाही. त्यामुळे जाहिरातीतली लांब, बदामी आकाराची नखं माझ्या उपयोगाची नाहीत. आखूड आणि गोलसर नखांवरच्या जेलबद्दल मात्र मी खात्रीने बोलू शकते.

किट साधारण चौदाशे रुपयांना पडलं. त्यात लॅम्प, बेस कोट (रंगाखालचा थर), टॉप कोट (रंगावरचा थर), आठ रंग, कानशी आणि नखामागची कातडी सारायची पट्टी होती. पार्लरमध्ये दोन वेळा जेल लावलं तर एवढे पैसे जातातच, त्यामुळे किंमत वसूल झाली का हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. पण लॅम्पबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ४८ वॅट छापलंय. सोबतच्या अॅडॉप्टरवर बारीक अक्षरात ५ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार करा, १० वॅट होतात. दहा वॅट आत जाऊन अठ्ठेचाळीस बाहेर पडतील असा लॅम्प अजून निघालेला नाही. याचा अर्थ लॅम्प टाकाऊ आहे असं नाही. माहितीपत्रकातला ६० सेकंदांचा वेळ त्याला पुरत नाही, एवढंच. साधी नेलपॉलिश वाळते, म्हणजे तिच्यातला द्रव उडून जातो. जेल वाळत नाही. लॅम्पमधल्या अतिनील (यूव्ही) किरणांनी त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि थर टणक होतो. किरण कमी पडले की वरून कडक आणि आतून कच्चं राहतं. हे कच्चेपण डोळ्यांना दिसत नाही, दोन दिवसांनी पापुद्रा सुटायला लागतो तेव्हा कळतं. मी फिक्या रंगाला दोनदा आणि गडद रंगाला तीनदा ६० सेकंद देते. अंगठे वेगळे घालायचे. चार बोटांबरोबर अंगठा घातला तर तो आडवा पडतो आणि त्याच्या एका कडेला प्रकाश पोचत नाही.

लॅम्पमधून हात काढल्यावर नख चिकट लागतं. बऱ्याच जणींना वाटतं जेल कच्चं राहिलं. तसं नसतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे अगदी वरचा पातळ थर जोडला जात नाही, तोच हाताला लागतो. टॉप कोट झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसायचा. कशाने पुसायचा, यावर मात्र माझं ऐका: टॉवेलने नाही. आमच्याकडे टॉवेलच्या कापांना तोटा नाही, पण टेरीचे तंतू नखावर असे चिकटतात की चकाकी गेलीच. जुन्या सुती धोतराचा तुकडा सगळ्यात बरा.

आता टिकण्याबद्दल. टॉवेल हाताळणाऱ्या बाईला जेल किती टिकलं हे कॅलेंडर बघून कळत नाही, टॉवेलच सांगतो. नखाच्या मुळाशी जेल केसाएवढं जरी उचललं गेलं, तरी घडी घालताना टॉवेलचा लूप त्यात अडकतो आणि ओढला जातो. एक लूप ओढला की माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात. त्यामुळे माझा बारीक हिशोब झालाय. नीट लावलेलं जेल अडीच आठवडे सुरक्षित राहतं. त्यानंतर मुळाशी फट दिसतेच, कारण नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. फट दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. उचललेली कड वाईट.

कड उचलायची कारणं मला तीन सापडली. पहिलं, जेल कातडीवर गेलं. मग ते नखाला धरून न बसता कातडीबरोबर हलत राहतं. लॅम्पखाली घालण्याआधी टोकदार काडीने कडा साफ केल्याशिवाय पुढे जायचंच नाही. दुसरं, नखाच्या टोकावरून ब्रश फिरवायचा राहिला. तिसरं कारण सोलापूरकरांनाच कळेल. आपल्याकडे नळाला पाणी रोज नाही, काही दिवसांआड. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी धुणं, पिंप, टाकी, सगळं एकदम. नख पाणी शोषतं आणि फुगतं. अशा फुगलेल्या नखावर जेल लावलं की नंतर नख सुकून आकसतं आणि वरचा थर तिथंच राहतो. पाण्याच्या दिवशी संध्याकाळी 'आता जरा मोकळे झालो' म्हणून नखं करायला बसायचं, ही अगदी चुकीची वेळ. मी आता पाणी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी, तेही भांडी घासण्याआधी बसते.

एप्रिल-मे वेगळं प्रकरण आहे. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की बाटलीतलं जेल पातळ होतं आणि ब्रश टेकवेपर्यंत कातडीत पळतं. पहाटे करा, किंवा बाटली अर्धा तास माठाखालच्या ओल्या फडक्यावर उभी ठेवा. खिडकीजवळ तर बसूच नका. उन्हातही अतिनील किरण असतात. बाटली उघडी राहिली तर तोंडाशी गोळा धरतो आणि ब्रशचे केस काडीसारखे कडक होतात. बाटल्या मी कपाटात, पत्र्याच्या डब्यात ठेवते.

हळदीचा प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. फिक्या गुलाबी किंवा दुधाळ रंगावर हळद बसते, पिवळटपणा येतो. पण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. गच्चीवर पापड-कुरडया घालून आलं की नखं बरीचशी पूर्ववत. शेंगाचटणीचं लाल तेल साबणाने निघतं. तरी मी रोजच्यासाठी मरून रंगच वापरते, भानगड नको.

नक्षीकाम हा माझा आवडीचा भाग, आणि त्यासाठी किटमधलं काहीही लागलं नाही. ठिपक्यांना संपलेल्या रिफिलचं टोक आणि डोक्याची टाचणी, बारीक रेघेला जुन्या ब्रशचे चार-पाच केस ठेवून बाकीचे कापलेले. संक्रांतीला काळ्या साडीवर काळी नखं आणि त्यावर हलव्यासारखे पांढरे ठिपके केले होते. गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत दोन अनोळखी बायकांनी हात धरून विचारलं, कुठून केलं म्हणून! ठिपका उठावदार हवा असेल तर पांढऱ्या जेलचा थेंब टॉप कोटच्या वर ठेवायचा आणि त्याला वेगळा लॅम्प द्यायचा. आधी ठेवला तर वरचा कोट त्याला सपाट करतो. इथंच काळ्या रंगाचा स्वभाव कळला. काळं रंगद्रव्य किरणं स्वतःच खातं, खालपर्यंत जाऊ देत नाही. एकच जाड हात मारला तर वर साय आणि खाली शाई. काळ्याचे तीन हात, प्रत्येक हात इतका पातळ की पहिल्या हातानंतर नख पट्ट्यापट्ट्यांचं आणि घाण दिसलं पाहिजे. इलकलच्या पदरावरची टोप-तेणी, म्हणजे ती दातेरी नक्षी, करून पाहायची तर फक्त अंगठ्यावर करा. करंगळीवर ती नुसती करवत दिसते.

आता काढण्याबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. किटमध्ये काढायचं सामान जवळजवळ नसतंच. कागदी पाकिटातले दोन-चार ओले तुकडे देतात, ते एका हातालाही पुरत नाहीत. औषधाच्या दुकानातलं गुलाबी रिमूव्हर जेलला ओरखडाही काढत नाही. शुद्ध अॅसिटोन लागतं; नवी पेठेत पार्लरचं सामान मिळतं तिथं मिळालं. पद्धत अशी. कानशीने वरची चकाकी पूर्ण घालवायची, नाहीतर अॅसिटोन आत शिरत नाही. आजूबाजूच्या कातडीला तेल. कापसाचा नखाएवढाच तुकडा भिजवून ठेवायचा, वर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळायचं, १५ मिनिटं. उन्हाळ्यात अॅसिटोन भराभर उडतं, तेव्हा फॉइलचे दोन वेढे. मग लाकडी काडीने सारलं की जेल चुरमुरून निघतं. निघालं नाही तर परत १० मिनिटं. जोर लावायचा नाही.

जोर लावला तर काय होतं ते माझ्या धाकट्या जावेच्या नखांवर पाहिलं. तिने टीव्ही बघता बघता कडेला धरून अख्खं जेल सोलून काढलं आणि कौतुकाने मला दाखवलं. मी ते उजेडात उलटं धरलं तर आतल्या बाजूला पांढरी कोंड्यासारखी पापडी. "ताई, ह्याच्यात नखाचाच पापुद्रा आलाय की ओ," तीच म्हणाली. तिच्या नखांवर पांढरे, खरखरीत चट्टे पडले, गरम पाण्यात हात घातला की झोंबायचं. यावर औषध नाही, नख वाढून पुढं जाण्याची वाट बघायची. बोटाचं पूर्ण नख बदलायला पाच-सहा महिने जातात. 'जेलने नखं खराब होतात' असं जे सगळ्या म्हणतात, त्यातलं निम्म्याहून जास्त नुकसान माझ्या मते जेलचं नाही, सोलण्याचं आणि कानशीचं आहे.

अॅसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं. स्वयंपाकघरात, देवघरात निरांजन चालू असताना, उदबत्तीजवळ, कुठेही उघडायचं नाही. काही प्रकारच्या प्लास्टिकवर सांडलं तर पृष्ठभाग विरघळतो. स्टीलचं ताट घेऊन बसा.

अॅलर्जीचा भाग हसण्यावारी नेऊ नका. न जोडलं गेलेलं कच्चं जेल कातडीला वारंवार लागलं तर त्यातल्या अॅक्रिलेटची अॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा जन्माची. याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्येही असतात, म्हणजे ती पुढे तिथं आडवी येऊ शकते. युरोपात हेमा नावाचा यातला घटक फक्त व्यावसायिकांच्या हाताला मोकळा आहे, आणि किरणांखाली जेल कडक व्हायला मदत करणाऱ्या टीपीओ या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी आहे. माझ्या किटच्या बाटल्यांवर घटकांची यादीच नव्हती. एवढ्या एका गोष्टीसाठी मी एक स्टार कापते, आणि पुढचा बेस कोट यादी वाचूनच घेणार. बोटाला खाज, पुरळ, नखाखाली दुखणं, यातलं काही दिसलं की बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना हात दाखवायचा. भाची हट्ट करते, तिला साधी नेलपॉलिशच लावते. दहा वर्षांच्या पोरीला जेल कशाला?

लॅम्पच्या किरणांबद्दलही बोललं जातं. २०२३ च्या जानेवारीत प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा एक अभ्यास आला होता, त्यात अशा लॅम्पने पेशींच्या डीएनएला इजा झाल्याचं दिसलं. जिवंत हातावर किती, हा वेगळा प्रश्न. पण गंमत बघा, सात रस्त्यावरून होटगी रोडला स्कूटीवर जाताना आपण स्कार्फ, गॉगल आणि कोपरापर्यंत हातमोजे घालतो, आणि घरी येऊन उघडा हात यूव्ही लॅम्पमध्ये घालतो. मी जुन्या हातमोज्यांची बोटं पेरापाशी कापली आणि कडा दुमडून शिवून घेतल्या. खर्च शून्य.

लॅम्पचा एक उपयोग जाहिरातीत नव्हता. यूव्ही रेझिन, म्हणजे शोभेच्या वस्तू करायचा पारदर्शक चिकट द्रव, याच लॅम्पखाली कडक होतं. इलकलच्या जुन्या काठाचे तुकडे घालून फ्रिजला लावायचे मॅग्नेट केले. कापड थेट रेझिनमध्ये बुडवलं तर ओलं झाल्यासारखं गडद आणि पारदर्शक होतं, म्हणून आधी दोन्ही बाजूंनी फेव्हिकॉलचा हात देऊन वाळवायचं. रेझिनचा थर एका वेळी दीड-दोन मिलिमीटरच. सोलापुरी चादरीचा तुकडा मात्र जमला नाही. कापड जाड, आत झिरपलेल्या रेझिनपर्यंत उजेड पोचत नाही, ते आठवडाभर चिकटच राहिलं. हातमोजे आणि उघडी खिडकी इथंही हवीच.

किट कोणी घेऊ नये तेही सांगते. नखं खायची किंवा सोलायची सवय असेल तर घेऊ नका. काढायला पाऊण तास सलग बसणं जमणार नसेल तर घेऊ नका. आणि घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्या बाईंना आधी लावू नका. बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावतात तेव्हा नख कोरं लागतं आणि ऐनवेळी हॉस्पिटलमध्ये जेल काढत बसायला कोणाला वेळ नसतो.

आठ रंगांतले माझे दोनच संपत आले, मरून आणि काळा. बेस आणि टॉप तर कधीच संपले, कारण प्रत्येक वेळी तेच लागतात आणि किटमध्ये बाटल्या रंगांच्याच आकाराच्या देतात. पुढच्या खेपेला किट घेणार नाही, सुटं घेणार: मोठा बेस, मोठा टॉप, अर्धा लिटर अॅसिटोन. उरलेले पोपटी, नारिंगी आणि तो चमकी असलेला जांभळा नखांवर कधीच चढले नाहीत. ते थेंबथेंब रेझिनमध्ये घालून संपवतेय, मॅग्नेटला बरे दिसतात.