नौपाड्यातले औषधांचे दुकान आणि क्लॅड्रिबिनच्या पाच कुप्या

माझ्या यजमानांना हेअरी सेल ल्युकेमिया झाल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी क्लॅड्रिबिन लिहून दिले. रक्ताच्या या दुर्मीळ, सावकाश वाढणाऱ्या कर्करोगात पेशींच्या कडांवर केसांसारखे तंतू दिसतात, प्लीहा वाढते आणि रक्तातल्या पेशी कमी होतात. अमेरिकेत १९९३ साली मंजुरी मिळालेले हे औषध आजही त्यावरचा पहिला उपचार मानले जाते. मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, म्हणून नौपाड्यातल्या कर्करोगाची औषधे ठेवणाऱ्या एका दुकानात गेलो.

दुकानदारांनी चिठ्ठी वाचून आधी यजमानांचे वजन विचारले. किलोमागे ०.१४ मिलिग्रॅम या हिशेबाने अडुसष्ट किलोंना रोज साडेनऊ मिलिग्रॅम लागते आणि कुपी दहा मिलिग्रॅमची असते. त्यामुळे पाच दिवसांच्या पाच कुप्या त्यांनी मोजून दिल्या. ‘एखादी जास्त असू द्या’ असे ते म्हणाले नाहीत, हे मला फार आवडले. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, उजेडापासून दूर ठेवायचे असते. म्हणून थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक घालून ते रोज एकच कुपी घोडबंदर रोडवरच्या डे केअरमध्ये पोहोचवत.

तक्रार तिसऱ्या दिवसाची आहे. कुपीत पांढरा साका दिसला आणि ‘औषध खराब झाले की काय’ या विचाराने आमच्या पोटात गोळा आला. दुकानात फोन केला, तर उचललेल्या मुलाने ‘बदलून देऊ, पण उद्या’ एवढेच सांगितले. सिस्टरांनी माहितीपत्रक वाचून कुपी खोलीच्या तापमानाला येऊ दिली, जोरात हलवली आणि द्रव पुन्हा नितळ झाला. फार थंडीत असा साका बसू शकतो आणि कुपी गरम करायची नसते, असे पत्रकातच लिहिले होते. दुकानाने डब्यावर ही एक ओळ चिकटवली असती, तर दीड तास वाया गेला नसता. पाचव्या दिवशी मी हे सांगितले, तेव्हा मालकांनी वाद न घालता लिहून घेतले.

औषध थांबल्यावरही काही आठवडे पांढऱ्या पेशी घटतात आणि तापाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. त्या काळातल्या गोळ्या याच दुकानाने घरपोच दिल्या, पावतीसह आणि वेळेवर. पुढच्या तपासणीनंतर काही लागलेच, तर मी तिथेच जाईन. मात्र थंड औषधाच्या सूचना आधी लेखी मागून घेईन.