काँग्रेसमनसोबत नाश्ता: आमचे २,९०० डॉलर कुठे गेले

२,९०० डॉलर. काँग्रेसमन म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य; त्यांच्या निवडणुकीसाठीची देणगी म्हणून मंडळातल्या एका माणसानं हे पैसे घेतले. त्यात ‘राउंड टेबल’वरच्या जागेचे २,५००, बायकोच्या पासचे २५० आणि ‘काँग्रेशनल सर्टिफिकेट’ फ्रेम करून देण्याचे १५०. हे फक्त आमच्या घरचे. आम्हाला माहीत असलेल्या १९ जणांपैकी सहांनी २,५०० भरले, चौघांनी १,००० आणि नऊ जणांनी २५०. सात जणांनी फ्रेमचे १५० वेगळे दिले. एकूण २२,३०० डॉलर. यातला एक सेंटही त्या काँग्रेसमनच्या निवडणूक निधीत गेलेला नाही.

लाजेपोटी आम्ही इतके दिवस गप्प होतो. आता त्याच माणसाचा नवा फ्लायर शेजारच्या काउंटीतल्या मराठी ग्रुपवर फिरतोय, तोच रंग, तेच तीन दर, फक्त पाहुणा वेगळा. म्हणून हे लिहितो आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना असे कार्यक्रम नवीन नाहीत. छोट्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या, इडली-वडा, कॉफी, एक पाहुणा, शेवटी रांगेत फोटो. दरांचे तीन टप्पे असणं हेही नेहमीचंच. खऱ्या फंडरेझरमध्येसुद्धा (निवडणुकीसाठी निधी जमवण्याच्या कार्यक्रमात) होस्ट, स्पॉन्सर, गेस्ट असे दर असतात. त्यामुळे “एवढे पैसे भरताना कळलं नाही का?” असं विचारणाऱ्यांना सांगतो, आकड्यात काहीच खटकण्यासारखं नव्हतं. २०२५-२६ साठी एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर देता येतात, प्रायमरीचे (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीचे) वेगळे आणि जनरलचे (मुख्य निवडणुकीचे) वेगळे. २,५०० त्या मर्यादेत बसतात. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि ग्रीन कार्डवाल्याला देणगी देता येते. एवढं सगळं आम्ही तपासलं होतं. नेमकं जे तपासायला हवं होतं ते राहिलं.

आमंत्रण गणपतीत आलं. मंडळाच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तो भेटला. मंडळात सगळे त्याला काका म्हणतात. “वहिनी, तुमचा पास वेगळा घेऊ, म्हणजे जोडीनं फोटो येईल,” हे त्याचं वाक्य. कार्यक्रम १४ सप्टेंबर २०२५, रविवार, सकाळी साडेदहा. ऐन पितृपक्षात कशाला, असं एका आजींनी विचारलंही. “काँग्रेसमनची तारीख आपल्या हातात नसते, आजी,” म्हणाला. पैसे झेलवर (थेट बँक खात्यातून पैसे पाठवण्याची सोय) मागितले, तेही एका एलएलसीच्या (खासगी कंपनीच्या) नावानं.

पहिली खूण तीच. निवडणुकीचा पैसा कोणाच्या खासगी एलएलसीत जमा होत नाही. उमेदवाराची नोंदणीकृत समिती असते, तिला सी या अक्षरानं सुरू होणारा क्रमांक असतो, तिचा खजिनदार असतो आणि चेक त्या समितीच्या नावानं निघतो. न्यू जर्सीत एलएलसी काढायला १२५ डॉलर लागतात आणि नाव जवळजवळ काहीही ठेवता येतं. याने नावात ‘सिव्हिक’ टाकलं होतं. तेवढ्या एका शब्दावर १९ जणांनी विश्वास ठेवला.

दुसरी खूण फॉर्म. त्याच्या गूगल फॉर्ममध्ये नाव, फोन आणि शाकाहारी की मांसाहारी एवढंच होतं. खऱ्या देणगीच्या फॉर्ममध्ये पत्ता, व्यवसाय आणि नोकरी कुठे हे विचारतातच, कारण एका देणगीदाराची रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की समितीला ही माहिती अहवालात द्यावी लागते. आणि “मी अमेरिकन नागरिक किंवा कायमचा रहिवासी आहे, हे पैसे माझे स्वतःचे आहेत” अशा अर्थाची ओळ असते, तिच्यासमोर खूण करावी लागते. ही ओळ ज्या फॉर्मवर नाही तिथे पैसे भरू नका. तिकीट म्हणा, पास म्हणा, नाश्त्याचे पैसे म्हणा, फंडरेझरला भरलेली पूर्ण रक्कम कायद्यानं देणगीच धरली जाते. जेवणाचे पैसे त्यातून वजा होत नाहीत.

आता तो क्षण. तो आठवला की अजून झोप उडते.

काँग्रेसमन खरोखर आले. तोतया नव्हते, तेच होते. बावीस मिनिटं थांबले. गणेशोत्सवाबद्दल बोलले, छोट्या व्यवसायांबद्दल बोलले, “आपल्या समाजाचं योगदान” वगैरे झालं. बावीस मिनिटांत एकदाही पैशाचा विषय नाही. देणगीबद्दल आभार नाहीत, “आणखी मदत करा” नाही. ज्यांनी खरे फंडरेझर पाहिलेत त्यांना माहीत आहे, तिथे पाहुणा पैसे मागतोच, तोंडानं मागतो, त्यासाठीच तो आलेला असतो. मी मात्र मनात म्हटलं, किती सभ्य माणूस आहे.

त्यांच्यासोबत एक तरुण मुलगी होती. तिनं माझ्या हातात कार्ड दिलं. जाड पांढरा कागद, वर सोनेरी शिक्का, खाली त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयाचा पत्ता आणि ‘हाउस डॉट गव्ह’वर संपणारा ई-मेल. “आज सकाळी आम्हाला बोलावलंत, खूप आभार,” म्हणाली. ते कार्ड मी दोनदा वाचलं आणि पाकिटात ठेवलं.

तिथेच सगळं थांबायला हवं होतं. ‘हाउस डॉट गव्ह’ म्हणजे सरकारी कार्यालय. सरकारी कर्मचाऱ्यांचा कामाचा वेळ, सरकारी ई-मेल, सरकारी कार्यालय यांपैकी काहीही निवडणुकीचा पैसा गोळा करायला वापरता येत नाही, हा त्यांच्या सभागृहाचा नियम आहे. प्रचाराचं कार्यालय वेगळं, ई-मेल वेगळा. म्हणजे कार्यक्रम फंडरेझर असेल तर ती मुलगी ते कार्ड घेऊन यायला नको, आणि ती कार्ड घेऊन आली असेल तर तिकीट असायला नको. दोन्ही एकाच हॉलमध्ये असू शकत नाहीत. त्याने त्या कार्यालयाला ‘समाजाशी विनामूल्य भेट’ म्हणून बोलावलं आणि आम्हाला तीच भेट विकली. पाहुण्यांना पैशाचा पत्ता नव्हता. मी त्या मुलीला एकच प्रश्न विचारला असता, “हा प्रचाराचा कार्यक्रम आहे का?”, तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. माझ्यामागे रांग होती, म्हणून मी पुढे सरकलो.

सर्टिफिकेटचंही तेच. सत्कार, वर्धापनदिन, वाढदिवस अशा निमित्तानं काँग्रेस सदस्याचं कार्यालय असं मानपत्र विनंतीवरून फुकट देतं. त्याने सातांची नावं आधी पाठवून ती मानपत्रं मिळवली आणि प्रत्येकी १५० ला विकली. फ्रेम मागून उघडली तर दुकानाचं स्टिकर निघालं, ११.९९.

राउंड टेबलला बसवून त्याने आणखी एक आमिष दाखवलं होतं, ग्रीन कार्डच्या फायलीचं. “काँग्रेसमनकडून आतून पत्र जातं.” यात अडकलेल्यांनी नीट समजून घ्या. इमिग्रेशनची फाइल रखडली असेल तर तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात चौकशीसाठी अर्ज करता येतो, प्रायव्हसी रिलीज फॉर्मवर (आपली फाइल पाहू देण्याच्या संमतीवर) सही करायची, शून्य डॉलर. ते चौकशी करतात, रांग पुढे सरकवत नाहीत. भारतीयांची रांग दर देशाला ७ टक्क्यांच्या कायदेशीर मर्यादेमुळे अडली आहे, ती कोणाच्या पत्रानं हलत नाही. आणि सरकारी कामाच्या बदल्यात देणगी असं कोणी सुचवलं तर ती लाचेची भाषा आहे, उठून निघून जा.

सगळ्यात वाईट फसले ते एच-१बीवाले. आमच्यात अशी चार घरं आहेत. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, यांपैकी कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला, अगदी गावच्या स्कूल बोर्डाच्यासुद्धा, देणगी देता येत नाही. हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यांना तो म्हणाला, “तुमच्या नावावर नको, मी माझ्या नावावर दाखवतो.” दुसऱ्याच्या नावानं देणगी देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले अमेरिकी लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१४ मध्ये याच गुन्ह्याची कबुली दिली होती. २०१२ च्या सिनेट निवडणुकीत २०,००० डॉलर दुसऱ्यांच्या नावावर दिले होते. ३०,००० दंड, पाच वर्षं प्रोबेशन, त्यातले आठ महिने हाफवे हाउसमध्ये (देखरेखीखालच्या निवासात). नंतर माफी मिळाली, पण माफी प्रत्येकाला मिळत नाही. आमच्या चार घरांचा पैसा प्रचारापर्यंत पोहोचलाच नाही, तरी व्हिसाच्या भीतीनं ते तक्रार करत नाहीत. तो हेच धरून चालला होता. तुम्ही या जागी असाल तर कुठेही काहीही लिहून देण्याआधी वकिलाशी बोला, आणि “माझ्या नावावर दाखवतो” हे वाक्य ज्या मेसेजमध्ये आहे तो डिलीट करू नका.

आम्हाला कळलं ते १५ ऑक्टोबरनंतर. जुलै ते सप्टेंबरचा तिमाही अहवाल त्या तारखेला भरावा लागतो. अमेरिकेच्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर देणगीदाराचं आडनाव आणि झिप कोड टाकला की २०० वरच्या देणग्या दिसतात. आमचं नाव नाही. इतरांची टाकून पाहिली, एकाचंही नाही. अहवाल मुळापासून वाचला, एलएलसीचंही नाही. तेव्हा पोटात खड्डा पडला.

त्यापुढचं जे झालं त्यानं जास्त मनस्ताप दिला.

बँक: झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कोणी चोरून पाठवले नाहीत, म्हणून दावा नामंजूर. आठ दिवसांत एका परिच्छेदाचं पत्र. क्रेडिट कार्डानं भरले असते तर निदान वाद घालता आला असता. म्हणूनच तो झेल मागतो.

पोलीस: तीन फेऱ्या. “काँग्रेसमन आले होते ना? नाश्ता मिळाला ना? फोटो निघाला ना? मग हा दिवाणी मामला.” समोरच्या माणसाला देणगी आणि तिकीट यातला फरक समजावताना माझा आवाज चढला, तर मलाच शांत व्हायला सांगितलं. तिसऱ्या फेरीला रिपोर्ट नंबर मिळाला, तोही “विम्यासाठी लागेल” असं म्हणून. कसला विमा?

काँग्रेसमनचं सरकारी कार्यालय: प्रचाराबद्दल आम्ही बोलू शकत नाही, प्रचार कार्यालयाला विचारा. प्रचार कार्यालय: त्या दिवशी आमचा कार्यक्रमच नव्हता, सरकारी कार्यालयाला विचारा. तीन आठवडे ही टोलवाटोलवी. दोघंही नियमानं बोलत होते, हे कळतं. पण आपला माणूस ज्या हॉलमध्ये उभा राहिला तिथे लोक लुबाडले गेले, याची खंत एकाच्याही आवाजात नव्हती. शेवटी हिशेब पाहणाऱ्या एका बाईंकडून दोन ओळींचा ई-मेल आला, “या नावांनी कोणतीही देणगी प्राप्त झालेली नाही.” आमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा तोच. तुम्हीही हे लेखी मागा, फोनवर ऐकून सोडून देऊ नका.

राज्याच्या ग्राहक विभागाकडून फक्त क्रमांक आला. ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रीय पोर्टलवरूनही क्रमांकच आला. माझ्याकडे आता पाच क्रमांक आहेत आणि एकाही क्रमांकामागे फोन उचलणारा माणूस नाही.

निवडणूक आयोगाकडे तक्रार करता येते. उमेदवाराच्या वतीनं बोलतो असं खोटं सांगून पैसे मागणं केंद्रीय निवडणूक कायद्याच्या कलम ३०१२४ खाली गुन्हा आहे. तक्रार लेखी हवी, शपथेवर हवी, नोटरीसमोर सही हवी. नोटरी नसेल तर ती ग्राह्य धरत नाहीत. पण सहा जणांच्या त्या आयोगाला निर्णयासाठी चार मतं लागतात आणि १ मे २०२५ पासून कोरमच (निर्णयाला लागणारी किमान सदस्यसंख्या) उरला नव्हता. त्यात १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर केंद्र सरकारचं कामकाज ठप्प. आणि दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या खात्यात येत नाही. आम्ही तरीही तक्रार दिली.

राहिला मार्ग स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाचा. न्यू जर्सीत ५,००० डॉलरपर्यंतचा दावा तिथे चालतो, एका प्रतिवादीसाठी ३५ डॉलर फी, टपाल वेगळं. वकील लागत नाही. २२,३०० चा एकत्र दावा तिथे बसत नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपापला करायचा. दावा माणसावर आणि एलएलसीवर दोघांवर करा (दुसऱ्या प्रतिवादीचे ५ डॉलर जास्त), कारण एलएलसीचं खातं आत्तापर्यंत रिकामं झालेलं असेल. एलएलसीचा नोंदणीकृत पत्ता राज्याच्या नोंदणी खात्यातून काढून घ्या, फ्लायरवरचा पत्ता टपालपेटीचा आहे.

१४ सप्टेंबरला त्या हॉलमध्ये जे होते त्यांनी झेलची पावती, मूळ फ्लायरचा स्क्रीनशॉट आणि गूगल फॉर्मची पोच जपून ठेवा. त्याचे मेसेज ज्या ग्रुपवर आहेत तो डिलीट करू नका, केलात तर आधीचे मेसेज हातचे जातील. ज्यांनी फ्रेम घेतली त्यांनी ती रागानं फेकू नका, मागचं स्टिकर काढू नका.