जोडीदार गमावलेल्या माणसाला भेट द्यायला: सी. एस. लुईस यांचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड'

इंग्रजी सहज वाचणाऱ्या, नवरा किंवा बायको गमावलेल्या माणसासाठी हे पुस्तक जरूर घ्यावं. ब्रिटिश लेखक लुईस यांची पत्नी जॉय १९६० मध्ये कर्करोगाने गेली. घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत त्यांनी लिहिलेल्या नोंदी १९६१ मध्ये टोपणनावाने छापल्या गेल्या. चार भाग, मूळ मजकूर शंभर पानांच्या आत. शोकात मन ठरत नाही, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. जाडजूड ग्रंथ तसाच पडून राहतो. हे दोन-दोन पानं वाचून मिटता येतं.

यात उपदेश जवळजवळ नाहीच. दाढी करायचासुद्धा कंटाळा येतो, गाल खरखरीत राहिला काय नि गुळगुळीत काय, असं लुईस लिहितात. लोक जॉयचा विषय काढतात तेव्हा नकोसं होतं, टाळतात तेव्हाही सलतं. वाचणाऱ्याला वाटतं, चला, असं फक्त माझंच होत नाहीये.

उणीव एकच, पण मोठी. बराच भाग देवाशी भांडण्यात जातो, तोही ख्रिस्ती श्रद्धेतून. ज्यांना त्यात रस नाही ते मध्येच सोडून देतील. मूल गमावलेल्या आईवडिलांना तर देऊच नये.

शोकाचे 'पाच टप्पे' (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) शिकवणारी पुस्तकंही टाळा. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते वेळापत्रक लावलं की 'मला राग कसा आला नाही?' अशी नवीच टोचणी लागते.

खरेदीला मुंबईत फोर्टचं किताबखाना हे पुस्तकांचं दुकान सोयीचं, फ्लोरा फाउंटनजवळच आहे. आवृत्ती मात्र उघडून पाहा: काहींत लांब प्रस्तावना असते, एकीत इतर लेखकांचे लेख जोडलेत. मजकूर लगेच सुरू होणारी, ठसठशीत टाइपाची प्रत निवडा. मराठीच जवळची असेल तर हे लादू नका. दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानात जाऊन त्यांच्या आवडत्या कवीचा संग्रह घ्या.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा पुस्तक कपाटात जातं. दीड-दोन महिन्यांनी, फोन कमी झाले की द्या. किमतीचं लेबल काढा. पहिल्या पानावर 'धीर धरा' नको. गेलेल्या माणसाचं नाव आणि त्याची एखादी आठवण लिहा. नंतर 'वाचलंत का?' असं मुळीच विचारू नका.