चहातल्या कीटकनाशकांची मर्यादा: देशोदेशीची वेगळी की कोडेक्सची सामायिक?

चहाची कोवळी पानं खुडल्यावर धुतली जात नाहीत. कोमेजवून, मळून, वाळवून थेट डब्यात. साधारण साडेचार किलो ओल्या पानांची एक किलो पत्ती होते, त्यामुळे फवारणीचा उरलेला अंश एकवटतो. म्हणूनच मर्यादा कोण ठरवतं, हे महत्त्वाचं.

युरोपीय संघ आपली मर्यादा स्वतः ठरवतो. ज्या औषधासाठी वेगळा आकडा नाही, तिथे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलंच. पण अँथ्राक्विनोन या रसायनाचं पाहा: चहासाठी मर्यादा 0.02, आणि हा पदार्थ पानं वाळवताना लाकडाच्या धुरातूनही येऊ शकतो. ज्याने त्याची फवारणी कधी केलीच नाही, त्याचाही माल अडतो.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कोडेक्स' या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या संयुक्त आयोगासाठी तज्ज्ञ शेतातल्या चाचण्या आणि विषारीपणाची माहिती तपासून आकडा सुचवतात. तो बंधनकारक नसतो, पण जागतिक व्यापार संघटनेच्या 1995च्या करारात त्यालाच आधार मानलंय. अडचण वेगाची: एखाद्या औषधाची माहितीच कुणी दिली नाही, तर मर्यादाही ठरत नाही.

माझं मत कोडेक्सच्या बाजूने आहे. एकाच मळ्यातली पत्ती एका बंदरात चालते, दुसऱ्यात नाही. यात लहान उत्पादक भरडला जातो. मात्र तपासणी कोरड्या पत्तीची होते आणि आपण पितो अर्क. आपल्याकडे तर पत्ती खळखळून उकळतात! सामायिक आकडा ठरवताना हेही मोजायला हवं.