पायाचा इशारा: सतत दाब की दाबून सोडणं?

काही स्वार पावलागणिक टाच मारत राहतात. सुरुवातीला घोडा चालतो, पण न थांबणाऱ्या दाबाला तो सरावतो आणि दुर्लक्ष करायला शिकतो. मग टाच आणखी जोरात, पुढे बुटाच्या टाचेला लावलेली लोखंडी एड.

दुसरी रीत अशी: पोटरीने हलकेच दाबायचं, उत्तर नाही आलं तर पायामागे चाबकाचा हलका स्पर्श, आणि घोड्याने पाऊल उचलताच पाय सैल. घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. सोडायला क्षणभर उशीर झाला तरी धडा बिघडतो. तंगाजवळ, म्हणजे खोगीर बांधणाऱ्या पोटाच्या पट्ट्याजवळ, दाबलेला पाय म्हणजे पुढे चल, जरा मागे दाबलेला म्हणजे बाजूला सर, हा बारीक फरकही अशाच घोड्याला कळतो. नवख्याला पाय स्थिर ठेवणंच जड जातं, हे खरं. तरी मी हीच रीत निवडेन. फक्त पायाने दाबताना त्याच वेळी लगाम ओढून धरू नका.